कॅलिफोर्नियाच्या लेक काउंटीत यूएसडीए कर्जावर पहिलं घर : सुरुवातीपासून किल्ली हातात येईपर्यंत

बे एरियातल्या किमती पाहून ज्यांनी घराचा विचारच सोडून दिलाय, त्यांच्यासाठी आणि नोकरीनिमित्त सांता रोझा, नापा किंवा लेकपोर्टच्या आसपास आलेल्यांसाठी हा लेख आहे. लेक काउंटी सॅन फ्रान्सिस्कोपासून गाडीने अडीच तासांच्या आसपास आहे. मधोमध क्लिअर लेक हा विस्तीर्ण तलाव, काठावर कोनॉक्टी पर्वत, आणि भोवती लेकपोर्ट, केल्सीव्हिल, लोअर लेक, क्लिअरलेक, नाइस, ल्युसर्न, अपर लेक अशी गावं. दक्षिणेला मिडलटाउन आणि हिडन व्हॅली लेक. तीन-साडेतीन लाख डॉलरच्या आसपास स्वतंत्र घर मिळू शकतं, आणि बरीचशी काउंटी ग्रामीण असल्यामुळे केंद्र सरकारच्या कृषी खात्याचं, म्हणजे यूएसडीएचं, हमी असलेलं गृहकर्ज इथे चालतं. त्यात डाउन पेमेंट शून्य असू शकतं.

आम्ही याच मार्गाने घर घेतलं. या कर्जाबद्दलची माहिती भरपूर मिळते, पण ती सगळी कर्जापुरती असते. लेक काउंटीत व्यवहार अडतो तो कर्जावर क्वचित. तो अडतो आगीच्या विम्यावर, विहिरीवर आणि खासगी रस्त्यावर. म्हणून खालचा क्रम नेहमीच्या क्रमापेक्षा थोडा वेगळा आहे. तो बदलू नका, विशेषतः सहावी पायरी ऑफर देण्याच्या आधीच करा.

१. हे कर्ज तुमच्यासाठी आहे का, हे आधी ठरवा

यूएसडीएच्या ग्रामीण घरांसाठी दोन मुख्य योजना आहेत. पहिली गॅरंटीड : कर्ज बँक किंवा मॉर्गेज कंपनी देते, सरकार फक्त हमी देतं. दुसरी डायरेक्ट : कर्ज सरकारच देतं, उत्पन्न कमी असलेल्यांना, आणि हप्त्यात अनुदानही मिळू शकतं. मात्र घर विकताना त्या अनुदानाचा काही भाग परत करावा लागू शकतो. डायरेक्टसाठी उत्पन्नाची मर्यादा बरीच खाली आहे आणि अर्ज थेट यूएसडीएच्या रूरल डेव्हलपमेंट कार्यालयात करायचा असतो. नोकरदार मराठी कुटुंबांना बहुतेक वेळा गॅरंटीडच लागू पडतं, म्हणून इथून पुढे सगळं त्याबद्दल आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : तुमचं इमिग्रेशन स्टेटस काय आहे? या कर्जासाठी अर्जदार अमेरिकन नागरिक, नॅशनल किंवा कायद्याने ठरवलेल्या ‘पात्र परदेशी’ गटातला लागतो. ग्रीन कार्डधारक त्या गटात येतात. एच-१बी, एल-१, एच-४ व्हिसावरचे येत नाहीत, मग पगार कितीही असो आणि आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झालेला असो. एफएचए या केंद्राच्या दुसऱ्या गृहकर्ज योजनेचा दरवाजाही २५ मे २०२५ पासून व्हिसाधारकांसाठी बंद झाला आहे. एच-१बीवर असाल तर कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेल्या, कर्जाकडे वळा, तिथे अजून वाट आहे. एखादा एजंट ‘बघू, होऊन जाईल’ म्हणाला तरी अर्जाची फी आणि अप्रेझलचे (घराच्या मूल्यांकनाचे) पैसे घालवू नका.

नवरा-बायकोपैकी एकाकडेच ग्रीन कार्ड असेल तर त्या एकाच्या नावावर अर्ज करता येतो. इथे कॅलिफोर्नियाचा कायदा आडवा येतो. हे कम्युनिटी प्रॉपर्टी राज्य आहे, म्हणजे लग्नानंतरची मालमत्ता आणि कर्जं दोघांची मानली जातात, त्यामुळे अर्जात नसलेल्या जोडीदाराची कर्जंसुद्धा (गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्ड, विद्यार्थी कर्ज) तुमच्या खात्यात मोजली जातात. आणि घरात राहणारी व्यक्ती म्हणून त्याचं उत्पन्नही मर्यादेत धरलं जातं. म्हणजे त्याच्या उत्पन्नाचा हप्ता भरण्याच्या क्षमतेत उपयोग नाही, पण ते मर्यादा ओलांडायला कारणीभूत ठरू शकतं. हे गणित घरं बघायला सुरुवात करण्याआधी मांडा.

आणखी दोन अटी. घर स्वतः राहण्यासाठीच हवं. सुट्टीतलं घर किंवा एअरबीएनबीसाठी हे कर्ज नाही. तलावाकाठचं घर पाहिलं की हा मोह अनेकांना होतो. आणि दुसरी अट बचतवाल्यांसाठी : २० टक्के डाउन पेमेंट भरून मॉर्गेज इन्शुरन्सशिवाय कन्व्हेन्शनल कर्ज सहज मिळेल इतकी रोकड हाताशी असेल, तर तुम्ही अपात्र ठरू शकता. ही योजना ज्यांना दुसरीकडे कर्ज मिळणं अवघड आहे त्यांच्यासाठी आहे.

२. उत्पन्नाचे दोन आकडे काढा

लोक इथे गोंधळतात, कारण यूएसडीए एकाच कुटुंबाचं उत्पन्न दोन वेगळ्या कारणांसाठी मोजतं.

पहिला आकडा पात्रतेचा. घरात राहणाऱ्या सगळ्या प्रौढांचं उत्पन्न यात येतं, मग ते अर्जात असोत वा नसोत. ओव्हरटाइम, बोनस, सोबत राहणाऱ्या आई-वडिलांचं पेन्शन किंवा सोशल सिक्युरिटीही त्यात धरतात. मर्यादा परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्के असते. २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक काउंट्यांसाठी ती १ ते ४ माणसांच्या कुटुंबाला १,१९,८५० डॉलर आणि ५ ते ८ माणसांच्या कुटुंबाला १,५८,२५० डॉलर होती. आकडे दरवर्षी बदलतात, यूएसडीएच्या संकेतस्थळावर काउंटी निवडून ताजे बघा. मुलं, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पाळणाघराचा खर्च, घरातले ज्येष्ठ किंवा अपंग यांच्यासाठी वजावटी मिळतात. पाळणाघराची वजावट फार लोक विसरतात. मर्यादेच्या थोडे वर असाल तर ती तुम्हाला आत आणू शकते, म्हणून पावत्या जपून ठेवा.

दुसरा आकडा हप्ता भरण्याच्या क्षमतेचा. यात फक्त अर्जदारांचं स्थिर, पुराव्यासह दाखवता येणारं उत्पन्न धरतात. नियम साधारण २९/४१ चा : घराचा एकूण मासिक खर्च (हप्ता, मालमत्ता कर, विमा, यूएसडीएची वार्षिक फी, एचओए म्हणजे वसाहतीच्या संघाची फी असेल तर ती) ढोबळ उत्पन्नाच्या २९ टक्क्यांपर्यंत आणि सगळी कर्जं मिळून ४१ टक्क्यांपर्यंत. क्रेडिट चांगलं असेल तर संगणकीय मंजुरीत याहून थोडं जास्तही चालतं, पण त्या भरवशावर घर निवडू नका.

दोन्ही आकडे एकत्र ठेवले की एक गोष्ट दिसते, जी लेंडर आपणहून सांगत नाहीत. चार जणांच्या कुटुंबाची २०२५ ची मर्यादा वर्षाला १,१९,८५०, म्हणजे महिन्याला सुमारे ९,९८७ डॉलर. त्याचे २९ टक्के सुमारे २,८९६. वजावटी सोडल्या तर घराचा सगळा खर्च ढोबळमानाने याच छताखाली बसवायचा आहे. विमा महाग झाला की छत तेवढंच राहतं आणि घराची किंमत खाली आणावी लागते.

भारतातल्या फ्लॅटवर कर्ज चालू असेल तर तो हप्ताही जाहीर करावा लागतो आणि ४१ टक्क्यांत मोजला जातो. लपवू नका. फेडरल अर्जावर खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि ग्रीन कार्डधारकाने तर तो धोका अजिबात पत्करू नये.

३. कागदपत्रं एकाच फोल्डरमध्ये जमवा

लागणारी कागदपत्रं :

- ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स
- गेल्या दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न आणि डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वार्षिक पगाराचा दाखला), गेल्या महिन्याभराच्या पगाराच्या स्लिपा
- बँकेची गेल्या दोन महिन्यांची स्टेटमेंट, सगळी पानं (कोरं शेवटचं पानही)
- घरातल्या प्रत्येक प्रौढाच्या उत्पन्नाचा पुरावा. अठरा वर्षांवरचा मुलगा-मुलगी पूर्णवेळ शिकत असेल तर कॉलेजचं पत्र
- पाळणाघराच्या पावत्या
- सध्याच्या घरभाड्याचा बारा महिन्यांचा पुरावा
- घरून काम करत असाल तर कंपनीचं पत्र : नोकरी कायम आहे आणि लेक काउंटीतून काम करायला परवानगी आहे

बे एरियातल्या कंपनीत असाल तर शेवटचं पत्र सगळ्यात आधी मागा. दोन-अडीच तासांवर घर घेणारा माणूस रोज ऑफिसला कसा जाणार, हा प्रश्न लेंडर विचारतोच.

भारतातून आई-वडील मदत करणार असतील तर पैसे भेट म्हणून दिल्याचं पत्र (गिफ्ट लेटर), त्यांच्या खात्यातून पैसे निघाल्याचा आणि तुमच्या खात्यात आल्याचा पुरावा लागतो. पैसे थेट तुमच्या खात्यात, एकाच रकमेत आणि लवकर आणा. काका, मामा, मित्र यांच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी आलेल्या रकमा समजावत बसणं फार त्रासाचं होतं. परदेशातून मिळालेली भेट वर्षाला एक लाख डॉलरच्या वर गेली तर आयआरएसला फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं. कर नसतो, पण न कळवल्यास दंड मोठा असतो.

४. हे कर्ज नेहमी करणारा लेंडर शोधा

मोठ्या बँकांचे बरेचसे लोन ऑफिसर यूएसडीएचं कर्ज करत नाहीत, किंवा वर्षातून एखादं करतात. अशाला विचारलं की तो एफएचएकडे वळवतो, कारण ते त्याला सवयीचं असतं. फरक बघा : एफएचएमध्ये किमान ३.५ टक्के डाउन पेमेंट, सुरुवातीचा विमा १.७५ टक्के आणि बहुतेकांना वार्षिक ०.५५ टक्के. यूएसडीएमध्ये डाउन पेमेंट शून्य, सुरुवातीची हमी फी १ टक्का (ती कर्जातच मिळवता येते) आणि वार्षिक फी ०.३५ टक्के. मुदत ३० वर्षं, व्याजदर कायम स्थिर. बदलता दर नाही, ही या योजनेची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

फोनवर तीन प्रश्न विचारा : गेल्या वर्षात यूएसडीएची किती कर्जं पूर्ण करून दिली? लेक काउंटीत केली का? विहीर आणि सेप्टिक असलेल्या घरासाठी काय काय मागता? तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर पुढच्या लेंडरला फोन लावा. क्रेडिट स्कोअरसाठी यूएसडीएने ठरवलेली किमान रेषा नाही, पण ६४० च्या वर असाल तर संगणकीय मंजुरीचा रस्ता सोपा होतो. त्याखाली माणूस बसून फाइल तपासतो, आणि ते हळू होतं.

५. पत्ता नकाशावर तपासा

यूएसडीएच्या पात्रता नकाशावर घराचा पत्ता टाकला की तो भाग पात्र आहे की नाही ते लगेच कळतं. लेक काउंटीत सगळ्यात मोठं शहर क्लिअरलेक, २०२० च्या जनगणनेत सुमारे १७ हजार वस्तीचं. लेकपोर्ट सुमारे पाच हजारांचं. त्यामुळे इथे नकाशावर अडण्याची शक्यता कमी. तरी प्रत्येक पत्ता स्वतः टाकून बघा आणि निकालाचं पान त्या दिवशीच्या तारखेसह जपून ठेवा. नाव सारखं असलेल्या काउंट्या इलिनॉय, इंडियाना, ओहायो, फ्लोरिडातही आहेत, तेव्हा राज्य नीट निवडा.

६. ऑफर देण्याआधी विम्याचा दर हातात घ्या

इतर ठिकाणी लोक ऑफर मान्य झाल्यावर विमा शोधतात. इथे तसं करू नका.

सप्टेंबर २०१५ च्या व्हॅली फायरमध्ये कॉब, मिडलटाउन आणि हिडन व्हॅली लेक परिसरातली हजाराहून जास्त घरं जळाली. २०१६ मध्ये क्लेटन फायर लोअर लेकमध्ये, २०१७ मध्ये सल्फर फायर क्लिअरलेक परिसरात, आणि २०१८ मध्ये मेंडोसिनो कॉम्प्लेक्स तलावाच्या उत्तरेकडून फिरली. विमा कंपन्यांच्या नकाशावर ही काउंटी लाल आहे. २०२३ मध्ये राज्यातल्या सगळ्यात मोठ्या घरविमा कंपनीने कॅलिफोर्नियात नवीन पॉलिसी देणंच थांबवलं, आणि नेहमीच्या कंपन्यांकडून नकार येणं इथे नेहमीचं झालं आहे.

नेहमीचा विमा मिळाला नाही तर कॅलिफोर्निया फेअर प्लॅन हा शेवटचा आधार. पण त्यात मुख्यतः आग, धूर, वीज कोसळणं अशी मोजकीच जोखीम येते. नळ फुटून झालेलं नुकसान, चोरी, घरात कोणी पडून जखमी झालं तर येणारी जबाबदारी, हे काहीच नाही. त्यासाठी वेगळी पूरक पॉलिसी घ्यावी लागते. दोन्ही मिळून जो आकडा येतो तो खरा विमा. एजंटने फक्त फेअर प्लॅनचा दर सांगितला तर ‘पूरक पॉलिसीसह किती?’ हे विचाराच.

हा आकडा कर्जावर काय करतो ते एका उदाहरणात बघा. घर ३,००,००० डॉलरचं, डाउन पेमेंट शून्य. हमी फी मिळवली की कर्ज ३,०३,०३०. व्याज ६.५ टक्के धरलं तर हप्ता सुमारे १,९१५ डॉलर. वार्षिक फीचा महिन्याचा वाटा सुमारे ८८. मालमत्ता कर १.१ टक्के धरून २७५. आता विमा महिन्याला १५० असेल तर एकूण २,४२८, आणि २९ टक्क्यांच्या नियमाने वार्षिक उत्पन्न सुमारे १,००,५०० लागतं. विमा ४०० असेल तर एकूण २,६७८, आणि उत्पन्न लागतं सुमारे १,१०,८००. घर तेच, कर्ज तेच, फक्त विम्यामुळे दहा हजार डॉलरचा फरक. मंजुरीच्या पत्रात लेंडरने विमा १५० धरलेला असेल तर ते पत्र इथे फारसं उपयोगाचं नाही. घराचा खरा दर आला की तो लेंडरला देऊन मंजुरी पुन्हा काढून घ्या.

घर बघायला जाताना काय बघायचं : छपराचं साहित्य (लाकडी शेक, म्हणजे लाकडाच्या फळकुटांचं छप्पर, असेल तर विसरा), पोटमाळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी आहे का, भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत झुडपं, लाकडं, सालीचा थर आहे का, जवळचा फायर हायड्रंट आणि अग्निशमन केंद्र किती लांब. घर सुरक्षित करण्याच्या अशा कामांसाठी ऑक्टोबर २०२२ च्या राज्य नियमांनुसार कंपन्यांना सवलत द्यावी लागते, फेअर प्लॅनमध्येही. आगीचा धोका उच्च किंवा अतिउच्च असलेल्या भागात विकणाऱ्याला घराभोवतालची जागा नियमाप्रमाणे साफ असल्याचा दाखला द्यावा लागतो, किंवा तो तुम्ही ठरावीक मुदतीत आणाल असा करार करावा लागतो. दाखला त्याच्याकडूनच घ्या. ते काम तुमच्या गळ्यात आलं तर खर्चही तुमचाच.

तलावाकाठच्या घराला दुसरा विमाही लागू शकतो, पुराचा. क्लिअर लेकची पातळी रम्सी नावाच्या मोजपट्टीवर मोजतात. ७.५६ फुटांना तलाव भरला असं मानतात आणि ९ फुटांना पूर. फेब्रुवारी २०१७ मध्ये पातळी दहा फुटांच्या वर गेली आणि लेकपोर्टमध्ये काठावरच्या लोकांना घरं सोडावी लागली. घर फेमाच्या (केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) विशेष पूरक्षेत्रात असेल तर यूएसडीए कर्जाला पूरविमा सक्तीचा आहे. हाही खर्च त्याच २९ टक्क्यांत मोजला जातो.

७. पाणी, सेप्टिक, रस्ता आणि जमीन तपासा

पाण्याचा स्रोत कोणता, हा घराबद्दलचा पहिला प्रश्न ठेवा. गावाचं पाणी, रहिवाशांच्याच मालकीची छोटी म्युच्युअल वॉटर कंपनी, स्वतःची विहीर, की थेट तलावातून उपसा? उन्हाळ्यात क्लिअर लेकमध्ये निळ्या-हिरव्या शेवाळासारख्या सायनोबॅक्टेरियाची वाढ होते. २०२१ मध्ये तलावातून स्वतः पाणी उपसणाऱ्या काही घरांना नळाचं पाणी न पिण्याचा इशारा दिला गेला होता. या जिवाणूंपासून पाण्यात येणारं विष उकळून जात नाही. थेट उपशाचं घर मी तरी लहान मुलांच्या कुटुंबाला सुचवणार नाही. म्युच्युअल कंपनी असेल तर तिच्या पाण्याचा वार्षिक गुणवत्ता अहवाल मागा, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी सभासदांवर जादा आकारणी येणार आहे का तेही विचारा.

विहीर असेल तर कर्जासाठी पाण्याची तपासणी लागतेच : जिवाणू, नायट्रेट, शिसं. हा परिसर ज्वालामुखीचा आहे, म्हणून स्वतःच्या खर्चाने आर्सेनिक आणि बोरॉनही तपासून घ्या. विहीर मिनिटाला किती गॅलन देते हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कळतं. एप्रिलमध्ये घर घेत असाल तर विक्रेत्याकडे जुने अहवाल मागा. विहीर सेप्टिक टाकीपासून ५० फूट आणि पाझर क्षेत्रापासून साधारण १०० फूट दूर लागते. जुन्या छोट्या प्लॉटवर हे अंतर बसत नाही आणि अप्रेझर तिथेच बोट ठेवतो. सेप्टिकची टाकी उपसून तपासणी करून घ्या, नुसतं झाकण उघडून बघणं पुरेसं नाही. काउंटीच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडून सेप्टिकचं मूळ परमिट मिळवा. त्यात किती बेडरूमसाठी मंजुरी आहे ते लिहिलेलं असतं. जाहिरातीत चार बेडरूम आणि परमिट दोनचं, असं आढळतं.

रस्ता. इथे कित्येक रस्ते काउंटीच्या ताब्यात नाहीत. घरापर्यंत जायचा कायमचा, नोंदणी झालेला हक्क आहे का आणि रस्त्याची देखभाल कोण करतं, हे टायटल रिपोर्टमध्ये (मालकी हक्कांच्या अहवालात) बघा. ‘शेजारी कधी अडवत नाहीत’ हे उत्तर लेंडरला चालत नाही. पावसाळ्यात एकदा त्या रस्त्याने स्वतः गाडी नेऊन बघा.

जमीनही बघा. २०१३ मध्ये लेकपोर्टजवळच्या लेकसाइड हाइट्स वसाहतीत उतारावरची जमीन खचून घरं सोडावी लागली. भिंतींना तिरप्या भेगा, दारं अडकणं, उतारावर पाण्याचा पाझर दिसला तर जमिनीच्या इंजिनिअरला बोलवा. त्याचे पैसे वाया जात नाहीत.

काही घरं पाहूनच बाजूला ठेवा. मागे पेअर, अक्रोड किंवा द्राक्षांची व्यावसायिक बाग असलेली मालमत्ता उत्पन्नाची शेती ठरते आणि या कर्जात बसत नाही. गांजाच्या लागवडीचंही तेच : राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात नाही, आणि कर्जाची हमी केंद्राची आहे. त्या व्यवसायातून मिळालेला पगारही उत्पन्न म्हणून चालत नाही. मॅन्युफॅक्चर्ड घरं इथे खूप आणि स्वस्त आहेत, पण जुन्या घरांसाठी यूएसडीएचे नियम कडक आहेत. पाया कायमस्वरूपी असल्याची ४३३-ए ही नोंद आहे का ते विचारा, बांधणीचं वर्ष लेंडरला कळवा आणि त्याचं लेखी उत्तर आल्यावरच पुढे जा.

८. ऑफर

ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधीच खरेदीदाराला आपल्या एजंटशी लेखी करार करावा लागतो. त्यातली मुदत आणि कमिशन वाचा. डाउन पेमेंटला पैसे लागणार नसले तरी एजंटची फी आणि क्लोजिंगचा, म्हणजे व्यवहार पूर्ण करून घर ताब्यात घेण्याचा, खर्च आहेच. ऑफरमध्ये हा खर्च विक्रेत्याने उचलावा असं मागता येतं. यूएसडीएमध्ये विक्रेता किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत हातभार लावू शकतो. घराचं अप्रेझल किमतीपेक्षा जास्त आलं तर तेवढ्या फरकापर्यंत क्लोजिंगचा खर्च कर्जातही घालता येतो. ही सोय दुसऱ्या कर्जांत सहसा नसते.

ऑफरमध्ये विमा, विहीर, सेप्टिक आणि अप्रेझल या चारही गोष्टींच्या अटी लिहून घ्या, आणि मुदत पुरेशी ठेवा. विक्रेत्याचा एजंट अटी काढायला सांगेल. विम्याची अट अजिबात काढू नका.

९. अप्रेझल आणि दुहेरी मंजुरी

अप्रेझर किंमत ठरवतोच, शिवाय घर राहण्यायोग्य आहे का हेही बघतो. गळणारं छप्पर, उघड्या वायरी, रेलिंग नसलेला उंच डेक, १९७८ पूर्वीच्या घराचा सुटलेला रंग, यातलं काहीही आढळलं तर आधी दुरुस्ती आणि मग कर्ज.

लेंडरची मंजुरी झाल्यावर फाइल यूएसडीएकडे जाते आणि तिथून कंडिशनल कमिटमेंट, म्हणजे अटींसह हमीचं पत्र, आलं की मगच क्लोजिंग. ही जादा पायरी इतर कर्जांत नाही. व्याजदराचा लॉक (दर ठरावीक मुदतीसाठी पक्का करणं) घेताना तो वेळ धरूनच घ्या. केंद्राचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्या सुमारास काम रेंगाळतं. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या केंद्र सरकारच्या शटडाउनमध्ये तर नवीन कमिटमेंट देणंच थांबलं होतं. सप्टेंबरअखेरीस क्लोजिंग येत असेल तर करारात मुदतवाढीची तरतूद ठेवा आणि भाड्याच्या घराची नोटीस घाईने देऊ नका.

या काळात नवीन गाडी, नवीन क्रेडिट कार्ड, नोकरी बदल, मोठी रक्कम इकडून तिकडे करणं, सगळं थांबवा.

१०. क्लोजिंग

तीन कामकाजाचे दिवस आधी क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे कर्जाचा आणि खर्चाचा अंतिम तक्ता, मिळतं. त्यातले विमा, कर आणि हमी फीचे आकडे तुमच्या हिशेबाशी ताडून बघा. पैसे पाठवण्याच्या सूचना ईमेलने आल्या तर एस्क्रो कंपनीला (व्यवहाराचे पैसे मधे सांभाळणारी) आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खाते क्रमांक पडताळा. बनावट ईमेलने आयुष्यभराची बचत गेलेली माणसं आहेत, आणि गेलेला पैसा परत येणं जवळजवळ अशक्य असतं.

क्लोजिंगनंतर ६० दिवसांत राहायला जावं लागतं.

११. पहिल्या वर्षात येणारी बिलं

कॅलिफोर्नियात मालमत्ता कर खरेदीच्या किमतीवर नव्याने ठरतो. विक्रेता वीस वर्षं तिथे राहत असेल तर त्याचा कर अगदी कमी असतो, आणि फरकाचं वेगळं सप्लिमेंटल बिल काही महिन्यांनी थेट तुमच्या घरी येतं. लेंडर कर आणि विम्याचे पैसे ज्यात जमा ठेवतो त्या एस्क्रो खात्यातून ते सहसा भरलं जात नाही. एक किंवा दोन बिलं येऊ शकतात, म्हणून पहिल्या दिवसापासून थोडी रक्कम बाजूला टाका. नेहमीच्या कराचे दोन हप्ते १० डिसेंबर आणि १० एप्रिलपर्यंत भरायचे असतात, ते लेंडर भरतो.

काउंटी असेसरकडे (करासाठी मूल्यांकन करणारं कार्यालय) होमओनर्स एक्झेम्प्शनचा, म्हणजे स्वतः राहणाऱ्या मालकाच्या करसवलतीचा, अर्ज १५ फेब्रुवारीच्या आत द्या. मूल्यांकनातून ७,००० डॉलर वजा होतात, म्हणजे वर्षाला सुमारे ७० डॉलर वाचतात. अर्ज एकदाच करायचा, फी नाही. फी घेऊन तो भरून देतो म्हणणारी पत्रं टपालात येतील, ती फेकून द्या.

विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस आली की त्याच दिवशी उघडा. पॉलिसी रद्द झाली आणि तुम्ही दुसरी घेतली नाही, तर लेंडर स्वतः महागडी पॉलिसी लावतो आणि हप्त्यात ते पैसे वसूल करतो. मे महिन्याच्या आत घराभोवतीचं गवत कापून घ्या, फोटो तारखेसह काढा आणि विमा एजंटला पाठवून ठेवा.